मायनस पंधराशे नव्वद

आमच्या स्टाफरूममधले जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दर उन्हाळ्यात रद्दीवाला घेऊन जातो. किस्से मात्र तो घेत नाही. त्यामुळे ते तिथंच साठतात. एखादा सर रिटायर झाला की त्याच्या वाट्याचे किस्से उरलेल्यांच्या गळ्यात पडतात, आणि मग नवीन माणूस चहाला आला की आम्ही ते त्याच्या गळ्यात मारतो. आज तुम्ही सापडलात.

वडूजच्या जवळ एका ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवतो. आम्ही तिघं गणितवाले. जगदाळे सर हेड. ते सातारचे आहेत आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. शेख मॅडम म्हसवडच्या, बोलायला कमी आणि शिकवायला आमच्या दोघांपेक्षा बऱ्या. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. मी सांगलीचा, म्हणजे जगदाळे सरांच्या हिशेबी परदेशातला.

आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच धड्यातून निघतात. मोठ्या कोनांचा धडा. बारावीनंतर ज्यांनी गणिताला हात जोडले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक पूर्ण गोल फिरलं की ३६० अंश होतात. कोन त्याहून मोठा असेल, समजा १११०, तर त्यातले पूर्ण फेरे टाकून द्यायचे. तीन फेऱ्यांचे १०८० गेले, उरले तीस. म्हणून साइन अकराशे दहा म्हणजे साइन तीस, म्हणजे अर्धा. झालं. हे शिकवायला आम्हाला तीन आठवडे लागतात आणि विसरायला पोरांना एक दिवाळीची सुट्टी पुरते.

*

जगदाळे सर हा धडा सुरू करत होते. मी शेजारच्या वर्गात, मधली भिंत पातळ.

एका पोरानं हात वर करून विचारलं, की सर, कंपासपेटीतला कोनमापक १८० ला संपतो, मग हा हजाराच्या वरचा कोन असतो कुठं?

प्रश्न चांगला होता. पंख्याचं पातं आहे, मोटरसायकलचं चाक आहे, उसाचा रस काढायचा चरक आहे, काहीही सांगता आलं असतं. जगदाळे सरांनी खडू ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बोर्डाच्या पेपरात," ते म्हणाले.

*

आमचे प्राचार्य इतिहासाचे. दर महिन्याला ते सगळ्या विषयांचा सिलॅबस कुठवर आला ते विचारतात आणि उत्तर ऐकण्याआधी पुढच्या विषयाकडे वळतात.

एकदा त्यांनी चुकून ऐकलं. जगदाळे सर म्हणाले, मोठे कोन राहिलेत. प्राचार्यांनी डायरीत बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि प्रशासनाचा तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून तोडगा दिला. मोठे कोन गॅदरिंगनंतर घ्या, तोवर लहान उरकून टाका.

जगदाळे सरांनी "हो सर" म्हटलं. हेड असंच होता येतं.

*

पूर्ण फेरे टाकले तरी एक भानगड उरते. उत्तर प्लस की मायनस? वर्तुळाचे चार भाग असतात. पहिल्या भागात ऑल, म्हणजे सगळेच प्लस. दुसऱ्यात फक्त साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. इंग्रजीत हे लक्षात ठेवायला चांदीच्या चहाच्या कपांचं एक वाक्य आहे. आमच्या पोरांनी चांदीचा कप फक्त ज्वेलरच्या कॅलेंडरवर बघितलेला. म्हणून जगदाळे सरांनी देशी वाक्य तयार केलं: "आख्ख्या साताऱ्यात टपरीवर कटिंग."

पोरांना ते एका दिवसात पाठ झालं. मला मात्र ते खटकलं. मी माझ्या तुकडीला "आख्ख्या सांगलीत टपरीवर कटिंग" शिकवलं. आठ दिवसांत दोन्ही तुकड्या मैदानावर एकमेकांना भिडल्या, आणि स्टाफरूममध्ये आम्ही. साताऱ्याचा कंदी पेढा मध्ये आला, सांगलीची हळद मध्ये आली, कृष्णा आधी कुणाच्या गावातून वाहते तेही निघालं. दोन माणसं, दोघं एम.एस्सी., आवाज पार ऑफिसपर्यंत.

शेख मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तो 'सा' साइनचा आहे. तुमच्या दोघांच्या गावाचा नाही."

*

आता मेजर.

मेजर म्हणजे माने. ते मेजर नव्हते, हवालदार म्हणून रिटायर झाले. पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं, त्यासाठी वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. वीस वर्षांपूर्वी ते बारावी सायन्सला गणितात एकोणीस मार्क घेऊन नापास झाले आणि तसेच भरतीला गेले. परत आल्यावर आमच्या कॉलेजात लॅबमध्ये शिपाई म्हणून लागले. काचेची नळी अशी पुसतात की ती विकत आणली तेव्हासुद्धा एवढी स्वच्छ नव्हती.

आमचे लॅब असिस्टंट पुढच्या जूनमध्ये रिटायर होणार होते. संस्थेनं मेजरना सांगितलं, की बारावी पूर्ण करा, जागा तुमची. नाही केली तर बाहेरचा माणूस येईल. बाहेरचा माणूस म्हणजे कुणाचा तरी मेहुणा, हे सांगायची गरज नव्हती. तर मेजरनी राहिलेल्या एका विषयाचा फॉर्म भरला.

गंमत अशी की त्यांची पोरगी प्रणाली त्याच वर्षी बारावीला, आमच्याच कॉलेजात. बापलेक एका पेपरला. प्रणाली हुशार आणि जिभेनं तिखट. पहिल्याच दिवशी तिनं बापाला बजावलं, की कॉलेजात मला हाक मारायची नाही, आणि मी ज्या बेंचवर बसते त्याच्या मागचा बेंच घ्यायचा नाही. मेजर "यस मॅडम" म्हणाले आणि रोज शेवटच्या बेंचवर, पाठ ताठ करून बसायला लागले. वर्गात एवढी शिस्त याआधी कधी नव्हती. पोरांना वाटायचं मागं इन्स्पेक्शन बसलंय.

*

मोठे कोन आले आणि मेजर अडकले. जगदाळे सरांनी तीनदा समजावलं, तिन्ही वेळा त्याच शब्दांत, फक्त आवाज वाढवत. जगदाळे सरांची ही पद्धत बऱ्याच वर्षांची आहे आणि ती अजून कुणाला लागू पडलेली नाही.

शेवटी शेख मॅडम मेजरना मैदानावर घेऊन गेल्या. म्हणाल्या, पूर्वेकडं तोंड करून उभे राहा. हा शून्य. आता डावीकडं वळा. हा नव्वद, तोंड उत्तरेला. जेवढे उत्तरेला सरकाल तेवढा साइन प्लस, दक्षिणेला सरकलात तर मायनस. पूर्वेला कॉस प्लस, पश्चिमेला मायनस. कोनच मायनस असेल तर उजवीकडं वळायचं.

मेजरनी एकदा बाएं मुड केलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, ही तर ड्रिल हाय."

"ड्रिलच आहे."

"मंग ते सर यवडं का वरडत हुते?"

त्यांना साडेचारशे घातला. पाच वेळा वळले, उत्तरेला तोंड, साइन एक. सातशे वीस घातला. आठ वेळा वळून पूर्वेला थांबले, साइन शून्य. खिडकीत आम्ही दोघं उभे होतो. जगदाळे सर म्हणाले, हे गणित नाही. मी म्हटलं, उत्तर बरोबर येतंय. ते म्हणाले, म्हणूनच संशय येतो.

मग मॅडमनी अकराशे दहा घातला आणि तिथं गाडं अडलं. मॅडम म्हणाल्या, तीन पूर्ण फेरे सोडून द्या, नुसतं तीस अंश वळा. मेजर हलेनात.

"सोडून द्या म्हंजे?"

"म्हणजे मारायचे नाहीत. फिरून तिथंच तर येता."

मेजर जरा दुखावल्यासारखे दिसले. म्हणाले, "मॅडम, न मारलेला फेरा मारला म्हनून लिवायचा? आमच्याकडं ह्याला खोटी हजेरी म्हनत्यात."

आणि बारा वेळा वळून, वर तीस अंश, असा पूर्ण अकराशे दहा त्यांनी मारला. उत्तर अर्धा. शेख मॅडम नियम पटवून देण्यात कधी हरल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि पाणी मागितलं.

*

मधल्या काळात सांगलीहून एका क्लासचं फ्री सेमिनार आलं. गावात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर हाताची घडी घातलेले एक सर, मागं रॉकेट उडतंय. कोणताही प्रश्न तीन सेकंदांत. सांगलीचं नाव निघालं म्हणून मी जरा ताठ मानेनं गेलो, ही माझी चूक.

सर कानाला माईक लावून स्टेजभर पळत होते. कॉस चोवीसशे साठ, त्यांनी विचारलं, चुटकी वाजवली आणि स्वतःच उत्तर दिलं, मायनस अर्धा! पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरं टाळ्या कशालाही वाजवतात.

हॉलच्या मागच्या बाजूला मेजर उभे होते आणि फिरत होते. टाळ्या थांबल्या तरी ते फिरतच होते, कारण चोवीसशे साठ हा बराच लांबचा पल्ला आहे. मग थांबले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, मी पूर्वेच्या अंगाला हाय. प्लस पायजे."

मी हातावर करून बघितलं. सहा फेरे गेले, उरले तीनशे, कॉस प्लस अर्धा. मेजर बरोबर होते. सर हसले, म्हणाले, बघितलं, मी मुद्दाम चूक करून तुम्हाला चेक करत होतो. मग पुढच्या रांगेतून प्रणालीनं विचारलं, की सर, तुमची ट्रिक चालते ती का चालते?

सर म्हणाले, "कसं, ते फ्री. का, ते पेड बॅचमध्ये."

मी सांगलीचा आहे हे पुढचे दोन महिने मी कुठं बोललो नाही.

*

प्रिलिमला मेजरना ऐंशीपैकी बावीस मार्क पडले. पासला अठ्ठावीस हवे होते.

येत नव्हतं असं नाही. वेळ पुरला नाही. एकेका कोनाला ते बाकाशेजारी उभे राहून सगळे फेरे मारायचे, मग चक्कर जाईपर्यंत थांबायचे, मग लिहायचे. जगदाळे सरांनी पेपर हातात देताना म्हटलं, "माने, पेपर तीन तासांचा आहे. परेड नाही." वर्ग हसला. मीही हसलो, आणि ते मला अजून आवडलेलं नाही.

प्रणाली हसली नाही. तास संपल्यावर ती लॅबमध्ये गेली. मी तिथं सल्फ्युरिक अॅसिडच्या बाटलीमागं ठेवलेला माझा डबा घ्यायला गेलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. कॉलेजात हाक न मारायचा नियम तिनंच मोडला.

"पप्पा, पोरं हसत्यात म्हनून मला काय न्हाई वाटत. पर तुमी परत नापास झाला तर तुमी परत बारीक तोंड करून हितंच नळ्या पुसनार, आन् तो नवा असिस्टंट तुमाला चहा आणाय धाडनार. ते मला बघवनार न्हाई." मग ती रडली. "बसून फिरा की वो. डोक्यात फिरा."

मेजरनी तिच्या हातात स्वच्छ फडका दिला, नळ्या पुसायचा. ती त्याला डोळे पुसून निघून गेली.

त्या दिवसापासून मेजर लॅबमध्ये स्टुलावर डोळे मिटून बसायचे. हाताची बोटं मांडीवर डावीकडं, उजवीकडं हलायची. मी दारातून एखादा कोन सांगायचो, ते उत्तर सांगायचे. फेरे अजूनही सगळेच मारायचे, पण आता बसून. जगदाळे सरसुद्धा जाता-येता कोन टाकायला लागले, आवाज न चढवता. आम्हा तिघांनाही तो माणूस पास व्हायला हवा होता. आपल्या नोकरीत असं फार कमी वेळा वाटतं.

*

बोर्डाच्या गणिताच्या पेपराला गणिताच्या शिक्षकांना सेंटरवर फिरकू देत नाहीत. आम्ही पोरांना उत्तरं सांगू अशी बोर्डाला भीती असते. बोर्डाचा आमच्यावर एवढा विश्वास आहे हे ऐकून बरं वाटतं. तर त्या दिवशी आम्ही तिघं चौकातल्या टपरीवर बसलो होतो. पुढचं सगळं मेजरच्या ब्लॉकवरच्या सुपरवायझर मॅडमनी नंतर सांगितलं. त्या बाहेरगावच्या, मराठी शिकवतात.

दीड तास सगळं ठीक चाललं. मेजर डोळे मिटायचे, बोटं हलवायचे, लिहायचे. मग साइन मायनस पंधराशे नव्वद आला. मायनस, म्हणजे उजवीकडून. बोटं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मोजणी मध्येच सुटली. मेजरनी पेन ठेवलं, बाकाबाहेर आले, फळ्याकडं तोंड करून सावधानमध्ये उभे राहिले आणि तोंडातल्या तोंडात हुकूम देत उजवीकडं वळायला लागले.

मॅडमना वाटलं माणसाला काहीतरी झालं. त्या पाणी घेऊन धावल्या. आणि नेमकं तेव्हाच दारात भरारी पथक उभं राहिलं. एक साहेब, मागं दोघं.

परीक्षेच्या खोलीत चाळिशीचा मिशीवाला माणूस स्वतःभोवती फिरतोय, असं त्या साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच बघितलं असणार. मागच्या दोघांपैकी एकानं लगेच कॉपी केसचा फॉर्म काढला. तो फॉर्म भरला असता तर पेपर तिथंच जप्त, वर्ष गेलं, आणि जूनमधली जागाही गेली. मेजरना ते कळत होतं. तरी ते मध्ये थांबले नाहीत. सतरा वळणं आणि वर साठ अंश पुरे करूनच थांबले.

"काय चाललंय हे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अँगल मोठा हाय."

खोलीत कुणी हसलं नाही. साहेबांनी खिसे तपासायला लावले. खिशात रुमाल निघाला. उत्तरपत्रिका बघितली. मायनस पंधराशे नव्वदपुढं मेजरनी उभ्याउभ्या वाकून लिहिलं होतं, मायनस एक छेद दोन. साहेबांनी विचारलं, की फिरून उत्तर येतं हे खरं कशावरून? मेजरनी पूर्व, उत्तर, डावं, उजवं, सगळं दोन मिनिटांत सांगितलं, जसं शेख मॅडमनी सांगितलं होतं तसं. साहेबांनी सुपरवायझर मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, मी मराठीची. मागच्या दोघांकडं बघितलं. त्यांनी जमिनीकडं बघितलं. गणित येणारे तिघंच्या तिघं नियमाप्रमाणे टपरीवर चहा पीत होते.

साहेबांनी हातातली फाईल बाकावर ठेवली.

"फळा पूर्वेला आहे ना?"

"व्हय साहेब."

साहेब फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. मग उजवीकडं वळले. मग परत. मागचे दोघं बघत राहिले, पोरं लिहायची थांबली, आणि मेजर सावधानमध्ये उभे राहून हलक्या आवाजात मोजत होते. सरकारी माणूस, तपासणी अर्धवट कशी सोडणार? साहेबांनी सतराच्या सतरा मारली, वर साठ अंश. मग भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभे राहिले. कुणाशी न बोलता त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, फॉर्म परत बॅगेत घालायला लावला, मेजरना म्हणाले, "बसा. लिहा." आणि व्हिजिट रजिस्टरमध्ये शेरा मारला, परीक्षा शांततेत सुरू आहे.

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी निकाल लागला. आम्ही सगळे ऑफिसात, प्रणालीच्या हातात मोबाईल. स्वतःचा निकाल बघायच्या आधी तिनं बापाचा नंबर टाकला. साइट दोनदा बंद पडली. मग उघडली, आणि ती नुसती बघतच राहिली. शेवटी जगदाळे सरांनी मोबाईल घेतला आणि मोठ्यांदा वाचलं, गणित एक्केचाळीस, पास. मेजर खुर्चीत बसले. आम्ही त्यांना ऑफिसात खुर्चीवर बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. प्राचार्यांनी घेतला आणि एकदम उभे राहिले. भरारी पथकाचे साहेब होते. प्राचार्यांनी घाबरून स्पीकर चालू केला, म्हणजे जे काय असेल त्याला साक्षीदार राहतील.

साहेबांनी विचारलं, तुमच्याकडचा तो फिरणारा परीक्षार्थी पास झाला का?

"झाला साहेब," प्राचार्य म्हणाले. "एक्केचाळीस."

पलीकडं चिठ्ठी उलगडल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "म्हणजे माझंही बरोबर आलं होतं."